भावी खरीददार, पहिला

बेडरूमचं नाव मीटिंग रूम ठेवलं गेलं, तेव्हा पलंगाचं काय करायचं हा प्रश्न उरला.

पलंग उभा करून भिंतीला टेकवावा आणि वरून पांढरी चादर सोडावी, म्हणजे तो प्रोजेक्टरच्या पडद्यासारखा दिसेल, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. पलंगाने पलंगासारखंच दिसावं, कारण रात्री त्यावर झोपायचं असतं, असं बायकोचं म्हणणं होतं. शेवटी दोघांचंही ऐकलं गेलं. पलंग दिवसा उभा राहू लागला आणि रात्री आडवा पडू लागला. पुढच्या खोलीला रिसेप्शन म्हणायचं ठरलं. मधल्या पॅसेजला नाव द्यायचं राहून गेलं, आणि पुढे जे काही झालं ते त्या पॅसेजमध्येच झालं.

नवऱ्याला घरात ‘मुत्सद्दी’ म्हणत. हे नाव त्याच्या आईने ठेवलं होतं आणि कौतुकाने ठेवलं नव्हतं. शाळेत असताना तो दोन मुलांचं भांडण मिटवायला गेला आणि दोघांचाही मार खाऊन आला, त्या दिवसापासून तो मुत्सद्दी. मोठेपणी त्याने ऑफिसचं फर्निचर विकलं, मग पाण्याचे फिल्टर विकले, आणि आता बायकोचं यंत्र विकायला घेतलं होतं.

यंत्र मात्र खरोखर चांगलं होतं. लाँड्रीत कपडे हरवतात. एकाची पँट दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाते आणि दोघंही मालकाच्या डोक्यावर बसतात. बायको इंजिनीअर. तिने तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बनवली. ती कपड्याच्या शिवणीत टाचायची आणि दारात एक चौकट उभी करायची. कपडा चौकटीतून गेला की तो कुणाचा, हे चौकट मोठ्याने सांगते. मोठ्याने, कारण इस्त्रीवाल्याची नजर इस्त्रीवर असते. त्याने मान वर करून पडदा वाचावा ही अपेक्षाच चुकीची, हे तिने लाँड्र्यांच्या दारात नुसतं उभं राहून पाहिलं होतं. आवाजासाठी कुणी शोधावं लागलं नाही. सासूबाईंनी सगळी नोकरी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर केली होती. त्या “पुढचा पेशंट” म्हणाल्या की रस्त्याने जाणारा धडधाकट माणूसही आत यायचा, असं डॉक्टर सांगत.

कमतरता एकच होती, ती मळक्या कपड्यांची. घरातल्या टॉवेलांवर यंत्र बिनचूक चालत होतं. पण रोजच्या गठ्ठ्यांत, वाफेत, साबणात, धांदलीत ते टिकतं का, हे बघायला खरी लाँड्री हवी होती. ती मिळाली नाही तर पुढे सरकायची सोय नव्हती. नोकरी सोडताना तिचे साहेब हसून म्हणाले होते, “वर्षअखेरपर्यंत तुमची जागा भरत नाही. परत याल. सगळे येतात.” वर्षअखेर आता शुक्रवारवर आली होती, आणि ‘सगळे येतात’ हे शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते.

“मला एक लाँड्री मिळवून दे,” तिने नवऱ्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. “छोटी चालेल. कळकट असेल तर फारच उत्तम.”

“लाँड्री काय मागतेस? आपण थेट खरीददार आणू,” मुत्सद्दी म्हणाला होता. “फक्त त्याला खरीददार म्हणायचं नाही. सल्लागार म्हणायचं.”

“का?”

“हे बघ. माणसाला जाऊन म्हटलं, आमची कंपनी घ्या, तर तो पळतो. म्हटलं, आम्हाला सल्ला द्या, तर तो खुर्ची ओढून बसतो. बसला की गुंततो. गुंतला की त्याला वाटायला लागतं, हे सगळं माझ्याच डोक्यातून निघालंय. मग ते दुसऱ्याच्या हातात जायला लागलं की त्याचा जीव खालीवर होतो. घेऊन टाकतो!”

“म्हणजे मुलीसाठी स्थळ हेरायचं आणि त्यालाच तिच्या शिकवणीला ठेवायचं,” सासूबाई शर्टाला बटण लावत म्हणाल्या.

“अगदी बरोबर, आई!”

“आणि त्याने नुसतीच शिकवणी घेतली तर?”

हा प्रश्न मुत्सद्द्याने ऐकला नाही. तो फोनवर होता.

त्याने गावातली दोन सर्वांत मोठी धेंडं निवडली. एक लाँड्रीवाले. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी त्यांच्याकडे ट्रक भरून येत. दुसरे ड्रायक्लीनर. कोट, शाली, लग्नाचे झगे असा सगळा नाजूक माल त्यांच्या दुकानांत जाई. एकच स्थळ असलं की ते भाव खातं आणि दोन असली की आपण खातो, हे मुत्सद्द्याचं गणित. फक्त दोघांना एकमेकांचा पत्ता लागता कामा नये. म्हणून लाँड्रीवाल्यांना मंगळवार दिला, ड्रायक्लीनरना गुरुवार. दोघांनी पहिल्याच फोनवर होकार दिला. मोबदला दोघांनीही विचारला नाही. एखादा सावध माणूस इथेच थबकला असता. मुत्सद्द्याने आरशात पाहून केस नीट केले.

दोन महिने सल्ला सुरू होता.

“चिप केवढीशी ही!” लाँड्रीवाले मंगळवारी म्हणाले. “दिसतच नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे लोक कशाला देतील? बटणाएवढी करा. लाल करा.”

“चिप हाताला लागते,” ड्रायक्लीनर गुरुवारी म्हणाले. “भारी कपड्याला काही लागलेलं गिऱ्हाइकाला खपत नाही. आणखी लहान करा. कुणाला कळताच कामा नये.”

“दोघांचंही ऐकायचं,” मुत्सद्द्याने निकाल दिला.

“म्हणजे चिप दिसायलाही हवी आणि दिसायलाही नको?”

“मंगळवारी दिसेल. गुरुवारी नाही दिसणार.”

इंजिनीअरने लाल चिपा बनवल्या, एका डब्यात भरल्या आणि मंगळवारपुरत्या बाहेर काढू लागली. कपडे धुणं राहिलं बाजूला, ती डबे लपवायला शिकली.

“मी सरळ विचारू का त्यांना?” ती एकदा वैतागून म्हणाली. “काका, महिनाभर एक दुकान द्या, म्हणून? त्यांच्याकडे ढीगभर आहेत.”

“वेड लागलंय का तुला! सल्लागाराकडे काही मागायचं नसतं. मागितलं की आपण गरजू दिसतो. गरजूला कोण विकत घेतं?”

दोघांना आणखी गुंतवावं म्हणून त्याने आणखी एक शक्कल काढली. दोघंही कोट घालून येत. लाँड्रीवाल्यांचा तपकिरी, ड्रायक्लीनरांचा राखी. धंद्याची जाहिरात म्हणून दोन्ही कडक इस्त्रीचे. मुत्सद्द्याने दोघांनाही, अर्थात वेगवेगळ्या दिवशी, सांगितलं की आमच्या यंत्राचे पहिले मानकरी तुम्ही. कोट ठेवून घेतले, चिपा टाचल्या, आदराने परत दिले. आता यंत्रात नावं भरायची होती. खरी नावं भरली आणि एकाचं दुसऱ्याने ऐकलं तर? म्हणून मुत्सद्द्याने टोपणनावं तयार केली, कागदावर लिहिली आणि आवाज भरायला आईकडे दिली. सासूबाईंनी ती वाचली. दवाखान्यात त्या एका नियमावर टिकल्या होत्या: चिठ्ठीवर जे असेल ते स्पष्ट वाचायचं, रोग कुठला ते विचारायचं नाही.

गुरुवारी सकाळी इंजिनीअरने कुणाला न विचारता चौकट पॅसेजमध्ये उभी केली. वायर पलंगामागच्या प्लगला लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. लाँड्रीतल्या गोंगाटात तो ऐकू जाईल का, ते तिला बघायचं होतं. खरं म्हणजे तिला हात रिकामे ठेवायचे नव्हते. उद्या शुक्रवार होता.

ड्रायक्लीनर ठरल्याप्रमाणे आले. सासूबाईंनी दवाखान्याच्या शिस्तीत त्यांचा कोट उतरवून घेतला, रिसेप्शनच्या खुंटीला लावला आणि त्यांना आत पाठवलं. चौकटीखालून जाताना त्यांच्या अंगात नुसता शर्ट होता, त्यामुळे चौकट गप्प राहिली. मुत्सद्द्याने त्यांना उभ्या पलंगासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. बाहेर तपकिरी कोट.

“आज गुरुवार आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“हो ना,” लाँड्रीवाले आत शिरत म्हणाले. “इकडून जात होतो. म्हटलं, सल्लागाराला कसला आलाय वार? आहेत का साहेब?”

“डॉक्टर पेशंट बघतायत,” सासूबाई म्हणाल्या. कसोटीच्या वेळी माणसाची जुनी सवय पुढे येते. “म्हणजे, मीटिंग चालू आहे. बसा. नंबर आला की बोलावते.”

लाँड्रीवाले बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर खुंटीवर राखी कोट लटकत होता आणि कपड्यांतल्या माणसाला कपडे बघायची खोड असते. त्यांनी मान तिरकी केली. सासूबाईंनी झटकन कोट खुंटीवरून काढला, पदराआड धरला आणि आतल्या बाजूला निघाल्या. तोंड घट्ट मिटलेलं. पॅसेजमध्ये पाऊल पडलं, आणि भिंतीतून त्यांचाच आवाज खणखणला:

“भावी खरीददार, दुसरा! कोट! राखी!”

सासूबाई जागच्या जागी थिजल्या.

“काय म्हणालात?” लाँड्रीवाल्यांनी बाहेरून विचारलं.

“काही नाही. घसा साफ केला.”

“घसा? अहो, खिडकी हादरली!”

मीटिंग रूमचं दार किलकिलं झालं. मुत्सद्द्याचं डोकं बाहेर आलं. आईच्या हातातला कोट, तिच्या मागची चौकट आणि टोकाला रिसेप्शनमध्ये बसलेला तपकिरी कोट असं सगळं त्याने एका नजरेत पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग धुलाईत गेल्यासारखा उतरला.

“बंद कर ते!” तो स्वयंपाकघरातून आलेल्या बायकोला दबक्या आवाजात म्हणाला.

“प्लग पलंगाच्या मागे आहे.”

“मग पलंग हलव!”

“समोर ते बसलेत ना!”

“मी हलवतो!”

सासूबाईंनी कोट आत नेऊन ड्रायक्लीनरच्या हातात दिला.

“कोट आत कशाला आणलात?”

“पुढे वारा फार येतो.”

“कोटाला वारा लागतो?”

“उबदार कपडा आहे. सवय नसते त्याला.”

ड्रायक्लीनर यावर विचार करू लागले. तेवढ्यात मुत्सद्दी “जरा पडदा सरळ करतो हं, साहेब” असं म्हणत चादरीमागे शिरला आणि प्लगकडे हात लांबवण्यासाठी त्याने पलंगाला खांदा दिला. पलंग दोन महिने दिवसा उभा राहून कंटाळला असावा. तो आधी थोडा करकरला, मग चादरीसकट, सगळ्या लांबीरुंदीनिशी आडवा झाला. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी ओरडलं. ड्रायक्लीनर खुर्चीतून उडाले ते हातात कोट घेऊन थेट पॅसेजमध्ये.

“भावी खरीददार, दुसरा! कोट! राखी!”

“काय पडलं? कुणाला लागलं?” म्हणत पुढल्या खोलीतून लाँड्रीवाले धावत आले.

“भावी खरीददार, पहिला! कोट! तपकिरी!”

दोघं चौकटीखाली समोरासमोर आले. धक्का लागता लागता राहिला. कुणीही मागे सरकेना. आणि कपडा चौकटीत अडकून राहिला तर परत परत सांगायचं, ही सोय इंजिनीअरने मोठ्या कौतुकाने केलेली होती.

“पहिला! तपकिरी! दुसरा! राखी! पहिला! तपकिरी!”

“साडूभाऊ,” लाँड्रीवाले दातओठ खात म्हणाले.

“साडूभाऊ,” ड्रायक्लीनर म्हणाले. ते दात घट्ट आवळूनच म्हणाले.

“तुम्ही ओळखता एकमेकांना?” चादरीत गुंडाळलेला मुत्सद्दी दारात येऊन म्हणाला.

“ओळखतो? यांच्या बायकोची बहीण माझ्या घरात आहे!”

“आणि घरात कार्य निघालं की आम्ही हॉलच्या दोन टोकांना बसतो,” ड्रायक्लीनर म्हणाले. “मधे सगळे नातेवाईक. तीच आमची भिंत.”

धंद्यात ही गोष्ट इस्त्रीवाल्यापासून साबणवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मुत्सद्द्याला फर्निचरमधलं आणि फिल्टरमधलं सगळं ठाऊक होतं.

“दुसरा! राखी!”

इंजिनीअरने पलंगावरून चढून जाऊन प्लग काढला.

“एक मिनिट,” लाँड्रीवाले म्हणाले. “हे यंत्र मला खरीददार का म्हणत होतं?”

“तांत्रिक बिघाड, साहेब,” मुत्सद्दी म्हणाला.

“बिघाड अजिबात नाही,” इंजिनीअर म्हणाली. इतका वेळ तिने बरंच सोसलं होतं, पण हे तिला सोसण्यासारखं नव्हतं. “यंत्राने एकही चूक केली नाही. त्यात जे भरलं तेच ते बोललं. काका, तुम्ही दोघं आमची कंपनी विकत घ्याल, म्हणून तुम्हाला सल्लागार केलं होतं.”

लाँड्रीवाले खोलीत शिरून पडलेल्या पलंगावर मटकन बसले.

“मी? विकत घेणार? अहो बाई, मी तर विकायला आलो होतो!”

“काय विकायला?” ड्रायक्लीनर.

“लाँड्री! सगळी! तुम्हाला काय करायचंय?”

ड्रायक्लीनर थोडा वेळ हातातल्या कोटाची कॉलर चाचपत राहिले. मग तेही पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. “मीपण,” ते हळूच म्हणाले.

आता मुत्सद्द्यालाही बसावंसं वाटलं, पण पलंग भरला होता.

“माझा मुलगा म्हणतो, बाबा, मी कपडे मळवायला शिकलोय, धुवायला नाही,” लाँड्रीवाले सांगू लागले. “पाठ गेली माझी ड्रमपाशी उभं राहून. म्हटलं, कुणीतरी तरुण, पैसेवाला बघावा आणि मोकळं व्हावं. तेवढ्यात यांचा फोन. सल्ला द्या म्हणून. मी म्हटलं, वा! सल्ला देत बसावं, म्हणजे मंडळी गुंततात. गुंतली की घेऊन टाकतात.”

“ही तर माझी युक्ती आहे!” मुत्सद्दी कळवळून म्हणाला.

“असेल. मी एका भाषणात ऐकली.”

“मीपण,” ड्रायक्लीनर पुन्हा म्हणाले.

“पण आम्ही पैसेवाले आहोत असं वाटलं तरी कशावरून?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना उत्तराची खरोखर उत्सुकता होती.

“कशावरून म्हणजे? रिसेप्शनला बाई. मीटिंगची खोली वेगळी. सतत कुजबुज, लपवाछपवी. आणि मुख्य म्हणजे मागणं नाही!” लाँड्रीवाल्यांनी मुत्सद्द्याकडे बोट केलं. “माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागतो. हे गृहस्थ दोन महिन्यांत एक रुमाल फुकट धुऊन द्या म्हणाले नाहीत. म्हटलं, यांच्याकडे रग्गड असणार.”

इंजिनीअरने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चादरीची घडी घालू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच घालत असल्यामुळे त्याला बराच वेळ लागला.

“काका,” ती म्हणाली, “आमच्याकडे काहीही नाही. हा पलंगसुद्धा आईंचा आहे. मला कंपनी विकायची नाही आणि तुमची घ्यायचीही नाही. मला मळके कपडे हवेत. एक दुकान, एक महिना. उद्यापर्यंत मिळालं नाही तर सोमवारी मी जुन्या ऑफिसात जाऊन बसेन आणि ही चौकट माळ्यावर जाईल.”

दोघं साडू एकमेकांकडे न बघता एकाच सुरात म्हणाले, “एवढंच?”

“आधी का नाही बोललीस, बाळ?” लाँड्रीवाल्यांनी विचारलं. ‘बाई’ची ‘बाळ’ कधी झाली हे त्यांनाही कळलं नाही. “माझ्या स्टेशनाजवळच्या दुकानात लाव उद्याच.”

“यांच्या दुकानात?” ड्रायक्लीनर उठून उभे राहिले. “म्हणजे उद्या सगळीकडे सांगत फिरणार, आम्ही आधी आणलं! ते जमायचं नाही. माझ्याकडे लावा.”

“त्यांच्याकडे लागली तर मी या घराची पायरी चढणार नाही.”

“यांच्याकडे लागली तर मी उतरणार नाही. इथेच बसेन!”

“बसा की! तुमचं आहेच काय दुसरं! सासऱ्यांच्या दुकानालाही असंच कुलूप लावून बसलात!”

“आधी कुलूप कुणी लावलं? तुम्ही! तुमचं बघून मी लावलं!”

इंजिनीअरचा हातातोंडाशी आलेला घास हे दोघे कुलपांवरून सांडत होते. मुत्सद्द्याने मध्ये पडण्यासाठी तोंड उघडलं. आईने नुसत्या नजरेने ते बंद केलं.

“कुठलं दुकान?” सासूबाईंनी विचारलं.

मग ते निघालं. दोघांच्या सासऱ्यांची एक जुनी लाँड्री होती. दोघं जावई तिथेच काम शिकले. सासरे गेल्यावर ती कुणी चालवायची यावरून वाजलं, थोरल्या जावयाने एक कुलूप लावलं, धाकट्याने त्याच्यावर दुसरं. तेव्हापासून दोन्ही कुलपं गंजत होती आणि दोन्ही बहिणी एकमेकींना चोरून फोन करत होत्या.

“ड्रम आहेत आत?” सासूबाईंचा पुढचा प्रश्न.

“आहेत. सासऱ्यांच्या हातचे. आजही सुरू होतील.”

“एक किल्ली यांच्याकडे. एक तुमच्याकडे.”

“हो.”

“मग अडलंय कुठे?” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज थोडा चढवला. “मी विचारलं, अडलंय कुठे?”

त्या आवाजापुढे भलेभले पेशंट जीभ बाहेर काढत. दोघांनी खिशातून किल्ल्या काढल्या. इतकी वर्षं दोघंही त्या अंगावर बाळगून होते, हे तेव्हा एकमेकांना दिसलं आणि दोघांनीही ते दिसलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी इंजिनीअरने जुन्या साहेबांना फोन केला.

“या, या. सोमवारी येताय ना? मी म्हटलंच होतं.”

“नाही, सर. जागा भरून टाका. सोमवारी मला कपडे धुवायचेत.”

“घरचे?”

“नाही. लोकांचे.”

“मॅडम,” साहेब हळुवारपणे म्हणाले, “घरी सगळं ठीक आहे ना?”

चौकट वाफेत टिकली. साबणात टिकली. पहिल्या आठवड्यात एकाच हॉटेलच्या दोन मजल्यांचे टॉवेल एकमेकांत गेले, आणि “तिसरा मजला! टॉवेल! इकडे कुठे?” असा सासूबाईंचा आवाज आला तेव्हा इस्त्रीवाल्याने दचकून माफी मागितली. ‘इकडे कुठे’ हे शब्द कागदावर नव्हते. ते सासूबाईंनी स्वतःचे घातले होते.

साडूंनी दुकानं विकायचं तूर्त बाजूला ठेवलं. दोघंही रोज सासऱ्यांच्या लाँड्रीत येऊ लागले. एक नजर टाकायला आलो, असं पहिल्या दिवशी दोघं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कारण द्यायचं विसरले. भट्टीच्या डाव्या बाजूला एकाची खुर्ची, उजव्या बाजूला दुसऱ्याची. एकमेकांशी ते बोलत नसत. सगळं बोलणं इंजिनीअरमार्फत चाले.

“बाळ, त्यांना सांग, पांढऱ्यात निळ्या काठाचं टाकू नका.”

“बाळ, त्यांना सांग, हे मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना शिकवलं नाही, कारण ते झोपले होते.”

सल्ला पूर्वी आठवड्यातून दोनदा मिळत असे. आता तो सकाळी शटर उघडल्यापासून मिळू लागला. चिप आता ना लाल होती ना अदृश्य. ती तिला हवी तेवढी होती. दोघांनी त्याविषयी एकदाही विचारलं नाही, कारण चौकट दाराच्या आत असावी की बाहेर, यावर त्यांचं अजून एकमत व्हायचं होतं.

आणि मग एक दिवस खराखुरा खरीददार आला.

धुलाई यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचा माणूस. टाय, चकचकीत बूट, हातात बॅग. मुत्सद्दी तेव्हा गठ्ठे उचलत होता. त्याने गठ्ठा खाली ठेवला, हात पुसले आणि त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

“आमच्या कंपनीला हे यंत्र विकत घ्यायचंय,” पाहुणा इंजिनीअरला म्हणाला. “तुम्ही म्हणाल ते.”

“घेतल्यावर काय करणार त्याचं?”

“मुख्य ऑफिसात एक दालन आहे. तिथे काचेत ठेवू.”

“चालवणार नाही?”

“बघू पुढे. वरचे लोक ठरवतील.”

इंजिनीअरने ओला हात कपाळावरून फिरवला. मुत्सद्दी तिच्याकडे बघत होता. त्याने आजवर ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं, आणि ते बायकोचं यंत्र काचेत घालायला निघालं होतं. त्याने पुसलेले हात पुन्हा पुसले.

“आमचे सल्लागार आहेत,” तो म्हणाला. “त्यांना विचारावं लागेल.”

डावी आणि उजवी, दोन्ही खुर्च्या एकदम सरकल्या.

“विकायचं नाही,” लाँड्रीवाले म्हणाले.

“नाही विकायचं,” ड्रायक्लीनर म्हणाले, आणि सवयीने पुढे म्हणाले, “बाळ, त्यांना सांग, या बाबतीत ते बरोबर आहेत.”

“सांगायला कशाला हवं? मी काय बहिरा आहे?”

“मग सरळ बोला ना!”

“तुम्ही बोला!”

कित्येक वर्षांनी ते थेट एकमेकांशी भांडत होते. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. भांडता भांडता लाँड्रीवाल्यांची नजर पाहुण्याच्या टायवर गेली. “हा डाग कसला?”

“शाई,” पाहुणा ओशाळून म्हणाला.

“लिंबाने जाईल.”

“लिंबाने? रेशमी आहे तो! स्पिरिट लावा.”

“स्पिरिटने रंग उडेल!”

“तुम्हाला काय वाटतं?” ड्रायक्लीनरनी थेट पाहुण्यालाच विचारलं.

पाहुणा बावचळला. बड्या कंपनीत तो अनेक वर्षं होता. वरचे लोक ठरवत आणि तो कळवत असे. त्याला काय वाटतं, हे तिथे कुणी विचारल्याचं त्याला आठवेना. त्याने टाय सोडून हातात घेतला, उजेडात धरला, बोटाने चोळून पाहिला.

“आधी टाल्कम पावडर लावून ठेवावी,” तो दबकत म्हणाला. “माझी आई तसं करायची. मग हलक्या हाताने...” त्याने आजूबाजूला पाहिलं. दोन्ही साडू मान पुढे काढून ऐकत होते. त्याने बॅग खाली ठेवली, कोट काढून हँगरला लावला. “आणि एक सांगू का? ही चौकट तुम्ही चुकीच्या जागी लावलीय.”

“तेच मी म्हणतोय!” दोघं साडू एकदम म्हणाले.

इंजिनीअरने एक सुस्कारा सोडला आणि पुढचा गठ्ठा सोडायला घेतला. पाहुणा उभ्याउभ्याच बोलत होता, हे सासूबाईंनी पाहिलं आणि मुलाला हाताने खूण केली.

मुत्सद्दी तिसरी खुर्ची आणायला गेला.